एका ओळीचा दाखला

एक ओळ! अहो, एकच ओळ मागितली होती हो त्यांनी... ‘सदर विद्यार्थिनी माझ्या घरी राहते.’ खाली सही, तारीख, संपलं! आणि मी काय दिलं? चार पानं! फुलस्केप! डावीकडे दोन बोटं समास सोडून... म्हणजे त्यांना शेरे मारायला जागासुद्धा मीच करून दिली, बघा! तुम्हाला सांगते, माणसाचं वाटोळं करायला शत्रू लागत नाही, अक्षर चांगलं असलं की पुरतं.

हसू नका. नाही, हसा, पण हळू हसा, माझं एकातून दुसरं निघतं आणि मग मूळ मुद्दा राहतो बाजूला... तर मी मैना कुंजीर. राहणार हडपसर, तिसरा मजला. लिफ्ट आहे. चालू आहे असं मी म्हटलेलं नाही. पाटबंधारे खात्यात बत्तीस वर्षं काढली, आवक-जावकच्या टेबलावर. खडकवासल्याच्या कालव्याचं पाणी रानाला हवं असलं, की पार लोणी काळभोरपर्यंतचा माणूस अर्ज घेऊन आधी माझ्यासमोर उभा! आणि काय ते अर्ज... ‘साहेब पाणी द्या’, एवढंच! अहो, असं पाणी मिळतं का? मग मीच कागद ओढायचे आणि लिहून द्यायचे, ‘अर्जदार विनंतीपूर्वक अर्ज करतो की’... त्यानंतर पाणी यायचं. कधीकधी यायचं.

निवृत्त झाले तरी लोक घरी यायचे. कोणाला वारसनोंद, कोणाला नोकरीचा अर्ज, कोणाला मुलाच्या चांगल्या वर्तणुकीचा दाखला. मग झालं सगळं ऑनलाइन. रकाना आला की बोट लावायचं, रकाना आला की बोट लावायचं... आता ‘आपला कृपाभिलाषी’ हे कुठल्या रकान्यात लिहाल? सांगा ना! चार वर्षं झाली, माझ्याकडे एक माणूस अर्ज लिहायला आला नाही. आमचे हे गेले त्याला सहा वर्षं. ऋषी, माझा मुलगा, जर्मनीत. रविवारी फोन करतो, म्हणजे मी केला तर उचलतो. घर तीन खोल्यांचं आणि आवाज फक्त फ्रीजचा! म्हणून एक खोली भाड्यानं द्यायची ठरवली, आणि आली नीमा.

नीमा मसावे. टांझानिया. तिकडे मोशी म्हणून गाव आहे, डोंगराच्या पायथ्याशी, तिथली. इथे अन्नतंत्रज्ञानात एम.एस्सी. करायला आलेली, कॉलेज लोणीच्या पुढे. विषय काय, तर कच्च्या केळ्याचं पीठ! ते किती दिवस टिकतं, कधी खराब होतं, का खराब होतं... मी म्हटलं, बाई, एवढं कळायला विमानात कशाला बसलीस, पावसाळ्यात माझ्या डब्यात हात घालून बघायचं होतंस. सोसायटीत कुजबुज. ‘टांझानियाची ठेवलीय म्हणे कुंजीरबाईंनी!’ मी जिन्यातच सांगितलं, ‘हो, तुमच्या सुनेपेक्षा जवळची आहे. रोज दिसते तरी.’

आणि कायदा मला माहीत नव्हता असं समजू नका हां! परदेशी माणूस घरात ठेवला की चोवीस तासांत कळवावं लागतं, त्याचा फॉर्म असतो. मी अडीच तासांत भरला! तिची बॅग अजून उघडायची होती. तिच्या इथे राहण्याच्या परवान्याचा कागद मी स्वतः वाचला, चष्मा लावून वाचला, शिकायला आलेल्या माणसानं फक्त शिकायचं, नोकरीधंदा करायचा नाही, त्या ओळीखाली मी लाल पेनानं रेघ मारली. मी! स्वतः! माझ्याच हातानं! आणि तरी पुढे जे केलं ते केलंच.

तर दोन वर्षं राहिली. मराठी शिकली हो! मीच शिकवली. आता पुस्तक कुठलं घ्यायचं? घरात होती माझ्या जुन्या मसुद्यांची फाइल. त्यावरून अक्षर गिरवलं, त्यावरून वाचन केलं. त्यामुळे झालं काय, पोरगी बोलायला लागली ती अशी... सकाळी सकाळी स्वयंपाकघराच्या दारात उभी, ‘काकू, सबब विनंती की, आज भात लवकर लावावा.’ भाजीवाल्याला काय म्हणाली ठाऊक आहे? ‘सदर वांगी मागील वेळेप्रमाणे किडकी नसावीत.’ भाजीवाला हात जोडून उभा राहिला! त्याला वाटलं महापालिकेची माणसं आली.

आणि हाताला इतकी चलाख की काय सांगू... मी उठायच्या आत चहा ठेवलेला, कप विसळलेले. माझ्या गुडघ्याच्या गोळ्या आणायच्या तिनं, गॅसची नोंदणी करायची तिनं. संध्याकाळी सोसायटीतली नऊ पोरं तिच्याभोवती, ही त्यांना इंग्रजी बोलायला शिकवायची. दर शुक्रवारी दुपारी खालचे रहीमभाई, झेरॉक्सवाले, नमाजाला जायचे, तेवढा अर्धा तास ही दुकानात बसायची. कोणी कोणाला एक पैसा दिला नाही, कोणी मागितला नाही. आपल्याकडे ह्याला काम म्हणतात का? उलट नाही केलं तर नावं ठेवतात!

आता एम.एस्सी. दोन वर्षांची. पण पावसाळ्यात हिच्या पिठाला धरली जाळी, प्रयोग पहिल्यापासून करावा लागला, आणि तोंडी परीक्षा पुढे गेली, मार्चमध्ये. परवान्याची मुदत संपत होती डिसेंबरअखेर. मुदत वाढली तर पदवी, नाही वाढली तर दोन वर्षं पाण्यात आणि विमानात बसायचं. तिनं अर्ज केला, ऑनलाइनच. मग परदेशी नागरिकांच्या ऑफिसातून बोलावणं आलं, अमुक कागद आणा, तमुक आणा, आणि घरमालकाचं एक पत्र आणा.

नीमा आली. ओट्याशी उभी राहिली. ‘काकू, मला एक पत्र हवे आहे. एक ओळ पुरे, असे तेथील मॅडम म्हणाल्या.’

एक ओळ पुरे! तिनं सांगितलं होतं हो! स्पष्ट सांगितलं होतं! पण मला पुढचं ऐकूच आलं नाही. चार वर्षांनी कोणीतरी माझ्याकडे पत्र मागायला आलं होतं. मी गॅस बंद केला. हात पुसले. कपाटातून फुलस्केप काढले, कडा अजून करकरीत... आणि टेबलाशी बसले. दुपारी जेवून बसले ती दिवेलागणीला उठले. काय लिहिलं म्हणाल, तर जे जे खरं ते सगळं. ती पहाटे उठते, घरकामात हातभार लावते, नऊ मुलांना शिकवते, शुक्रवारी झेरॉक्सचं दुकान सांभाळते... मला वाटलं, लोकांना कळू दे ना ही कोण आहे! मला वाटलं, हे वाचल्यावर कोण हिला जा म्हणेल? ती जाऊ नये असं मला वाटत होतं हो. झालं? बोलून टाकलं. एक ओळ लिहिली असती तर ती राहत असल्याचं कळलं असतं, पण ती गेल्यावर माझ्या घरात काय उरेल, हे कसं कळलं असतं?

गेलो दोघी. मी माझी पैठणीकाठाची साडी नेसले, हिनं इस्त्रीचा कुर्ता. नंबर आला. समोर एक मॅडम, तरुण, वागायला अगदी मऊ. पत्र हातात घेतलं. पहिलं पान बघितलं आणि म्हणाल्या, ‘मावशी, हे तुम्ही लिहिलंत? अक्षर सुरेख आहे.’

तिथेच फसले मी. ‘मसुदाही माझाच आहे,’ म्हटलं. ‘सावकाश वाचा.’

त्यांनी वाचलं हो सावकाश! प्रत्येक ओळीखाली बोट ठेवून. ‘घरकामात हातभार... म्हणजे ही तुमच्याकडे घरकाम करते?’ मी उत्तर द्यायच्या आत आमची नीमा मान ताठ करून, ‘होय मॅडम, करते!’ तिला वाटलं कौतुक चाललंय! ‘नऊ मुलांना शिकवते... ट्यूशन घेते?’ ‘होय मॅडम, नियमित!’ ‘आणि दुकान?’ ‘दर शुक्रवारी, मॅडम!’ मी टेबलाखालून तिचा पाय दाबते, ती माझ्याकडे बघून हसते!

मॅडमनी पेन खाली ठेवलं. ‘मावशी, ह्या तीन नोकऱ्या झाल्या.’

‘नोकऱ्या कसल्या अहो,’ म्हटलं, ‘तुम्ही चौथं पान वाचा ना, चौथं!’ कारण चौथ्या पानावर मी जीव ओतला होता. आणि अहो, काय लिहिलं असेल मी चौथ्या पानावर? हयातभर नोकरीचे अर्ज लिहिलेल्या हाताला दुसरं काय येणार? ‘तरी अशा होतकरू उमेदवारास संधी दिल्यास ती दिलेल्या कामाचे सोने करील.’ उमेदवारास! कामाचे! मॅडमनी ते मोठ्यानं वाचलं. मागच्या रांगेतला एक उंचापुरा परदेशी माणूस, त्याला मराठीचा गंध नाही, तोसुद्धा आमच्याकडे काळजीनं बघायला लागला.

‘पगार काय देता?’ मॅडम.

‘पगार? अहो, खिचडी देते! थालीपीठ देते! डबा देते कॉलेजचा!’

‘म्हणजे मोबदला वस्तुरूपात,’ मॅडम म्हणाल्या. वाईट सुरात नाही म्हणाल्या, नुसतं म्हणाल्या. पण बत्तीस वर्षं टेबलाच्या त्या बाजूला बसलेली बाई मी, मला कळलं. कागदावर जे आलं ते झालं. खिचडीचा मोबदला झाला होता.

मग त्याच म्हणाल्या, ‘मावशी, मला दिसतंय काय आहे ते. पण मी दिसतं त्यावर सही करू शकत नाही, लिहिलंय त्यावर करते. आठ दिवसांत प्रतिज्ञापत्र आणा. ही कुठेही काम करत नाही आणि मोबदला घेत नाही, असं. नाहीतर मुदत वाढणार नाही, तारखेच्या आत तिला जावं लागेल.’ आणि पत्र ठेवून घेतलं. परत मागितलं तर देईनात. मी दिलं असतं का परत? आवक झालेला कागद? छे! मीसुद्धा नसतं दिलं.

बाहेर आल्यावर नीमानं विचारलं, ‘काकू, पत्र आवडले का त्यांना?’ काय सांगू हो तिला! रिक्षात बसून सगळं सांगितलं. खिडकी नसते रिक्षाला, पण ती खिडकीतून बघावं तशी बाहेर बघत बसली, पार मगरपट्ट्यापर्यंत.

खाली रहीमभाई दुकानात. त्यांना सांगितलं. ते मशीनचं झाकण उघडं ठेवून ऐकत राहिले. म्हणाले, ‘भाभी, मला सांगायचं ना. मी दिलं असतं लिहून. “राहते. रहीम.” झालं.’ एक ओळसुद्धा नाही बघा, दोन शब्द! बत्तीस वर्षांच्या अनुभवाला झेरॉक्सवाल्यानं दोन शब्दांत गुंडाळलं.

आणि मग आमचं घर कायदेशीर झालं.

म्हणजे काय, तर सकाळी तिनं कप उचलला की मी ओरडायचे, ‘ठेव खाली! काम आहे ते!’ ती केर काढायला वाकली की, ‘ऊठ! कोणी बघितलं तर?’ तिसऱ्या मजल्यावर कोण बघणार होतं, कबुतरं? पण भीती हो, भीती! तिला डबा द्यायला हात पुढे करायचे आणि थबकायचे... वस्तुरूपात! मग डबा टेबलावर ठेवून आत जायचे, म्हणजे मी दिला नाही, तिनं घेतला नाही, डबा नुसता होता. पोरं दारावर आली, ‘नीमाताई आहे?’ मी म्हटलं, ‘आहे, पण ती बोलणार नाही.’ धाकटा विचारतो, ‘भांडलात?’ शुक्रवारी रहीमभाईंनी दुकानाला कुलूप घातलं, वर पुठ्ठा लावला, ‘अर्धा तास बंद’. आणि नीमा तिच्या खोलीत पुस्तक उघडून बसलेली, मी माझ्या खोलीत. मधे फ्रीज. तो चालू होता. त्याला परवाना लागत नाही.

रविवारी ऋषीला फोन केला. त्यानं ऐकून घेतलं आणि म्हणाला, ‘आई, तिकडे अवघडच आहे. इथे मी शिकत होतो तेव्हा आठवड्याला वीस तास काम करायला परवानगी होती. हॉटेलात ताटं घासायचो मी.’

ताटं! ज्या मुलानं घरात कधी स्वतःचा पेला उचलला नाही, ज्याच्या पुढ्यात ताट सरकवायला मी उठायचे, तो तिकडे परक्यांची ताटं घासत होता, कायद्यानं, मोजून वीस तास! आणि मला ते कळलं आत्ता. नीमाच्या निमित्तानं कळलं. नाहीतर कधी कळलंच नसतं. मी विचारलं, ‘अरे, तेव्हा तू राहायचास ती घरमालकीण कशी होती?’ तो म्हणाला, ‘होती एक म्हातारी. पलीकडच्या खोलीत असायची. नाव नाही आठवत आता.’

मी म्हटलं, ‘बरं.’ फोन ठेवला. मला एकदम त्या बाईचंच वाईट वाटायला लागलं हो, इतकी वर्षं कधी मनातसुद्धा आली नव्हती. माझा मुलगा भिंतीपलीकडे होता तिच्या, आणि तिला काय ठाऊक असेल त्याचं? आणि त्याला तिचं?

असो. सातव्या दिवशी गेलो प्रतिज्ञापत्र करायला. मी मसुदा करून नेला नाही. नाही म्हणजे नाही! हाताला धरून सांगितलं स्वतःला, मैना, पेन उचलायचं नाही. कोर्टाबाहेर दत्तोबा म्हणून टंकलेखक बसतात, टेबल, कॉम्प्युटर, वर छत्री. सगळं ऐकून घेतलं त्यांनी आणि मान हलवली. ‘ताई, तुमी लिवलं ते मनातलं हाय. हितं मनातलं चालत न्हाई. तुमची नात लागती का?’

‘नाही.’

‘सून?’

‘नाही हो.’

‘नोकर?’

‘अजिबात नाही!’

‘मंग तेच टाकतो. काम करत न्हाई, मोबदला घेत न्हाई, आन् शेवटाला एक ओळ टाकतो, म्हंजी कुणी फाटे फोडायला नको.’ आणि बडवलं त्यांनी. टाक टाक टाक. कागद काढून माझ्या हातात दिला. शेवटची ओळ होती, ‘माझा व सदर विद्यार्थिनीचा घरमालक व भाडेकरू याखेरीज कोणताही संबंध नाही.’

बरोबर होती ओळ. तुम्हाला खरं सांगते, मसुदा म्हणून एक चूक काढता येणार नाही. आटोपशीर. नि:संदिग्ध. माझ्या हाताखालच्या माणसानं असा लिहिला असता तर पाठ थोपटली असती मी. मी खाली सही केली, मैना तात्याराव कुंजीर. आणि नीमानं ‘वाचले व मान्य आहे’ म्हणून सही करायची होती.

तिनं पेन घेतलं आणि वाचायला लागली. अहो, इतर मुली वाचतात का सही करताना? पण हिला मी शिकवलेलं ना, न वाचता सही करायची नाही! बोट ठेवून वाचायला लागली, माझ्याच जुन्या मसुद्यांवर वाचायची तशी. काम करत नाही... मान डोलावली. मोबदला घेत नाही... मान डोलावली. मग ती शेवटची ओळ. ‘को-ण-ता-ही... संबंध... नाही.’ थांबली. पुन्हा वाचली. आणि पेन ठेवून दिलं.

‘काकू,’ म्हणाली, ‘सदर मजकूर मला मान्य नाही.’

दत्तोबांनी चष्मा वर केला. त्यांनी आयुष्यात वकिलांच्या तोंडूनसुद्धा असं मराठी ऐकलं नसेल.

मी म्हटलं, ‘नीमा, सही कर.’

‘हे खरे नाही.’

‘खरं नसू दे. सही कर.’

‘मला ताप आला तेव्हा आपण तीन दिवस खुर्चीवर बसला होता. माझ्या आईशी फोनवर आपण मराठीत बोलता, ती आपल्याशी तिच्या भाषेत बोलते, आणि दोघी रडता. हा संबंध नाही काय? मग हा काय आहे?’

शेजारच्या टेबलावरचे लोक बघायला लागले. आणि मला रडू यायला लागलं, आणि मला रडू यायला लागलं की मी चिडते. मी काय ओरडले तिच्यावर! ‘मार्चला परीक्षा आहे तुझी! तुझं ते पीठ पडलंय तिकडे बाटल्यांत! घरी जाऊन आईला काय सांगणार आहेस, पदवी नाही मिळाली पण काकू मिळाली? मला नाती नकोयत, मला मुदतवाढ हवीय! सही कर म्हणते ना!’

केली तिनं. शहाणी पोर. खाली ‘वाचले’ लिहिलं, जरा थांबली, आणि मग ‘व मान्य आहे’ लिहिलं. अक्षर अगदी माझ्यासारखं वळणदार. दत्तोबा म्हणाले, ‘ताई, पुढच्या येळंला साधं पत्र आना, म्हंजी ही येळ येनार न्हाई.’ एक ओळ, दत्तोबा, एकच ओळ मागितली होती, मी म्हटलं. ते म्हणाले, ‘मंग दिली की आता.’

नेऊन दिलं. मॅडमनी वाचलं, फाइलला लावलं. एक प्रश्न नाही! म्हणाल्या, ‘आता ठीक आहे, मावशी.’ चार दिवसांत मुदत वाढून आली, सहा महिने. सोसायटीतली पोरं नाचली. रहीमभाईंनी परवान्याची रंगीत झेरॉक्स काढून दिली, कारण नसताना. नीमानं केळ्याच्या पिठाची कसलीशी लापशी केली, तिच्या आईच्या पद्धतीची. मी खाल्ली. चव विचारू नका, पण मी दोनदा घेतली.

पण तुम्हाला सांगते, कागदाचा स्वभाव वाईट. एकदा झाला की तो घरात राहायला येतो. आता सकाळी मी उठते तर चहा ठेवलेला नसतो, आणि मीच सांगितलंय की ठेवायचा नाही. ती तिचा कप विसळते, माझा तसाच ठेवते, आणि ठेवताना माझ्याकडे बघते. मी मान हलवते, बरोबर आहे म्हणून. आता सहा महिने काय, बघता बघता जातील. मग परीक्षा, मग पदवी, मग इथे राहायचं तर नोकरी पाहिजे, नोकरी पाहिजे तर वेगळा परवाना, वेगळा परवाना पाहिजे तर तसा पगार देणारी कंपनी. खराडीत एवढ्या काचेच्या इमारती आहेत, पण केळ्याचं पीठ कुठल्या मजल्यावर विकतात ते मला काही माहीत नाही. म्हणजे ती जाणार. जाऊ दे. जायलाच आली होती.

मी काय म्हणते... ती माझी कोण, हे सांगायला मी चार पानं लिहिली. अक्षर न् अक्षर खरं. तर त्याला किती प्रश्न, किती शंका! पगार काय, मोबदला काय, पुरावा काय! आणि ती माझी कोणी नाही, हे एका ओळीत लिहून दिलं, तर कोणी वर मान करून विचारलंसुद्धा नाही, की बाई, कशावरून? बत्तीस वर्षं सरकारी नोकरी केली, आयुष्यात एकच खोटा कागद केला... आणि तोच तेवढा पहिल्या खेपेला पास झाला!